नवजात बाळाला धाप लागते तेव्हा: ‘टीटीएन’ म्हणजे काय?

सिझेरियन नीट पार पडतं, बाळ रडतं, पण थोड्याच वेळात डॉक्टर सांगतात, “बाळाचा श्वास जोरात चाललाय, एनआयसीयूत ठेवावं लागेल.” घरच्यांच्या पोटात गोळा येतो. अनेकदा यामागे ‘ट्रान्झियंट टॅकिप्निया ऑफ द न्यूबॉर्न’ म्हणजेच टीटीएन असतो. १९६६ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं.

असं का होतं?

पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरातली संप्रेरकं हा द्रव शोषून घ्यायला लावतात. हे काम अर्धवट राहिलं, तर श्वास घ्यायला जास्त कष्ट पडतात. त्यामुळे कळा येण्याआधी केलेलं सिझेरियन, ३७ आठवड्यांआधीचा जन्म आणि आईचा मधुमेह यांत धोका वाढतो.

लक्षणं कोणती?

- मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास
- नाकपुड्या फुलणं, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं
- श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज
- कधी ओठ निळसर पडणं

उपचार काय?

फुप्फुसातला द्रव काढून टाकणारं औषध नसतं. तो शरीरच शोषून घेतं. तोवर बाळाला ऊब, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास ‘सीपॅप’ यंत्राने नाकावाटे हवेचा हलका दाब देतात. धाप असताना दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून नळीने दूध किंवा सलाईन देतात. आईने त्या काळात दूध काढत राहावं, म्हणजे ते आटत नाही. बहुतेक बाळं २४ ते ७२ तासांत सावरतात.

मग इतकी काळजी कशाला?

कारण न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, अपुरी वाढलेली फुप्फुसं किंवा हृदयदोष यांचीही सुरुवात अशीच दिसू शकते. म्हणून एक्स-रे आणि रक्ततपासणी करतात. संसर्गाची शंका फिटेपर्यंत अँटिबायोटिकही देतात. ‘आपोआप बरं होतं’ हे खरं असलं, तरी तो टीटीएनच आहे हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं.

घरी आल्यावर

झोपेत बाळाचा श्वास पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं सहसा नॉर्मल असतं. शंका आल्यास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ते ६० किंवा जास्त असले, तर पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला, छाती आत ओढली जात असली, ओठ निळे पडले किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर वाट पाहू नका. घुटी, मध, छातीला शेक यांत वेळ घालवू नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते आणि जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजातांसाठी ‘एसएनसीयू’ हा खास कक्ष असतो.

टाळता येतं का?

प्रत्येक वेळी नाही. पण वैद्यकीय कारण नसेल, तर ठरवून करायचं सिझेरियन ३९ आठवड्यांआधी करू नये. मुहूर्तासाठी तारीख अलीकडे आणण्याआधी एवढं नक्की लक्षात ठेवा.