घर की आरोग्यधाम : मद्रासचा क्षयप्रयोग

क्षय झाला की रुग्णाला घरापासून दूर, आरोग्यधामात ठेवावे, ही एकेकाळची सर्वमान्य रीत होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय त्याच परंपरेतले. परंतु देशात खाटा मूठभर आणि रुग्ण लाखो.

१९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र स्थापन झाले. तेथे वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ गरीब रुग्णांवर एक चाचणी झाली. कोणी घरी राहायचे व कोणी आरोग्यधामात, हे डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे, तर यादृच्छिक पद्धतीने ठरले. औषधे दोन्हीकडे तीच, वर्षभर : आयसोनियाझिड आणि पॅस. घरचे रुग्ण दाटीवाटीत राहत, निकृष्ट खात, कित्येक कामही करत. आरोग्यधामात विश्रांती होती, सकस आहार होता, परिचारिका होत्या. तरीही १९५९ च्या अहवालात दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. आरोग्यधामात वजन तेवढे अधिक वाढले.

खरा धाडसी प्रश्न मला वाटतो तो घरातल्या मुलाबाळांचा. त्यांना लागण झाली असती तर? कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. घरी उपचार झालेल्यांच्या घरात धोका अधिक आढळला नाही. औषध सुरू होताच रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. संसर्ग व्हायचा तो बहुधा निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो.

अडचण उरली ती गोळ्या नियमित घेण्याची. त्यासाठी लघवीची तपासणी होई, अचानक घरभेटी होत. देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत पुढे याच अनुभवातून आकाराला आली.