खडी कुणी फोडली?

हातातलं काम चालू असू द्या, कान तेवढा इकडं द्या. आज मी तुम्हाला एक सहल सांगणार आहे आणि सहलीबरोबर थोडा इतिहासही.

2023 ची दिवाळी. भाऊबीज झाली, बाजरीची मळणी उरकली होती, पोरांना शाळेची सुट्टी होती. गटातल्या बचतीचे माझे थोडे पैसे हातात आले होते. मी घरात म्हटलं, यंदा चार दिवस कुठंतरी जाऊ. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लगेच म्हणाल्या, "कुणाचं लगीन हाय?" लग्न नाही, मयत नाही, वारी नाही, देवदर्शन नाही, आणि घरातली सगळी माणसं गाडीत बसून निघालीत, हे त्यांना पटेना. आपल्या बायकांची दिवाळीची सुट्टी म्हणजे माहेर. तिथंही चार दिवस भाकरी थापायच्याच, फक्त चूल वेगळी. नुसतं बघायला जायचं ही रीत आपल्याकडं फार जुनी नाही.

तर आम्ही पाच जणं निघालो. मी, मालक, दोन पोरं आणि आत्याबाई. माण तालुक्यातून एसटीनं पुणं, पुण्याहून रेल्वेनं कर्जत, तिथून लोकलनं नेरळ आणि नेरळहून माथेरानची छोटी गाडी.

लोणावळा मागं पडलं तशी गाडी बोरघाट उतरायला लागली. बोगदा आला की डब्यात अंधार, सुटला की खिडकीत खोल दरी. पाऊस संपून महिना झालेला, डोंगर अजून हिरवे, गवताला वरून सोनेरी झाक आलेली. पोरं बोगदे मोजत होती. आत्याबाई मात्र दरीकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर कापलेल्या कड्यावर होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "एवढा डोंगर फोडला कुणी गं?"

मी म्हटलं, इंग्रजांनी. त्या हसल्या. "इंग्रज कशाला फोडतोय? त्यो हुकूम सोडणार."

हा प्रश्न मनात राहिला म्हणून घरी आल्यावर मी वाचलं. ते तुम्हाला सांगते.

बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. पहिला ठेकेदार फेव्हिएल नावाचा इंग्रज होता. त्याच्या काळात मजुरी थकली, आणि 1859 च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. रोजगार हमीचं मस्टर आणि थकलेली हजेरी ज्यांनी भोगली आहे, त्यांना हा दंगा कशामुळं झाला ते समजावून सांगायला नको. त्याच वर्षी फेव्हिएलनं काम सोडलं. मग ठेका सॉलोमन ट्रेडवेल यानं घेतला. तो बायकोला घेऊन विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानं वारला.

आता त्याच्या बायकोनं काय करावं? परका देश, नवरा गेलेला, रेल्वेचा एवढा मोठा ठेका अर्धवट. अ‍ॅलिस ट्रेडवेल तिचं नाव. तिनं परतीचं जहाज धरलं नाही. ठेका आपल्या नावावर चालू ठेवला, दोन अनुभवी इंजिनिअर कामावर नेमले आणि घाट पुरा करून दिला. 1863 मध्ये या घाटातून गाड्या धावायला लागल्या. घाटात 25 बोगदे होते. आज आपण गॅस एजन्सी किंवा रेशन दुकान बाईच्या नावावर झालं की टाळ्या वाजवतो. ही गोष्ट एकशे साठ वर्षांपूर्वीची आहे.

पण अ‍ॅलिसबाईंचं कौतुक करताना मला आत्याबाईंचा प्रश्न विसरता येत नाही. 1861 मध्ये या घाटात एका वेळी 42 हजारांवर माणसं राबत होती. त्यात बायका होत्या, पोरं होती, कारण अख्खं बिऱ्हाडच कामावर यायचं. पुरुषानं सुरुंगाला भोक पाडायचं, बाईनं पाटी उचलायची. पटकी आणि ताप यांनी, दरडींनी, सुरुंगांनी किती मेले याचा अंदाज 25 हजारांच्या घरात जातो. आपल्या तालुक्यातली किती गावं एकत्र केली म्हणजे 25 हजार माणसं होतील, ते मनातच मोजा. त्यातल्या एका पाटीवालीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. ठेकेदारणीचं नाव राहिलं.

असो. नेरळला उतरलो.

माथेरानची गाडी बघून पोरं खुळी झाली. आत्याबाई मात्र ओळखीचं माणूस भेटावं तशा बोलल्या, "ही तर आमची पंढरपूरची गाडी!" आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं. मिरज ते पंढरपूर अशी छोटी गाडी 1927 पासून सांगोल्यावरून धावायची, आणि आषाढी-कार्तिकीला तिच्यात पाय ठेवायला जागा नसायची. ती बार्शी लाईट रेल्वेची गाडी. बार्शी रेल्वे ज्यांनी उभी केली ते इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. माथेरानच्या गाडीच्या मागंही त्यांचंच डोकं होतं. बार्शीच्या गाडीचे रूळ अडीच फूट अंतरावर, माथेरानच्या गाडीचे दोनच फूट. आपली नेहमीची मोठी गाडी साडेपाच फुटी. म्हणजे माथेरानचे दोन रूळ आपल्या दाराच्या चौकटीत सहज मावतील.

रूळ एवढे जवळ का, तर डोंगर तसा आहे म्हणून. नेरळ पायथ्याला, माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर. सरळ चढायला वाट नाही, त्यामुळं रूळ डोंगराला वेढे घालत वर जातात, आणि वळणं इतकी आखूड की खिडकीतून आपलंच इंजिन आपल्याला समोरून येताना दिसतं. मोठी गाडी असं वळण घेऊच शकत नाही. चढ किती, तर वीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. रेल्वेसाठी हा फार उभा चढ आहे. कोळशाच्या काळात इथं चार खास इंजिनं होती. इंजिनाला चाकांच्या तीन जोड्या. तिन्ही जोड्या ताठ ठेवल्या तर अशा वळणावर चाक रुळावरून उडणार. म्हणून पुढच्या आणि मागच्या जोडीला थोडं इकडंतिकडं सरकायची मोकळीक दिली होती. त्या इंजिनांनी 1982 पर्यंत काम ओढलं. त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

ही गाडी कुणी आणली त्याची गोष्ट गाइड लोक रंगवून सांगतात. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे मोठे व्यापारी. लहानपणी गरिबी एवढी की मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकल्या. पुढं लष्कराला माल पुरवून श्रीमंत झाले. सांगतात असं की एकदा ते नेरळला उतरले आणि वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी. रागानं म्हणाले, आता मी इथं रेल्वेच आणतो. असं कुणी म्हटलं की नाही देव जाणे. पण पैसा त्यांनी घातला हे खरं. सोळा लाख रुपये त्या काळचे, आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं डोंगरात उभं राहून काम करून घेतलं. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी चालू झाली.

त्याच्या आधी माथेरान म्हणजे साहेब आणि शेटलोकांची जागा. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर चढला आणि माथेरानचा शोध लागला असं पुस्तकात लिहितात. ठाकर, कातकरी, धनगर माणसं तिथं आधीपासून वावरत होती. त्यांना तो डोंगर काही हरवलेला नव्हता. साहेब घोड्यावर किंवा पालखीत बसून हवा खायला जायचा. पालखी माणसांच्या खांद्यावर असते एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आमची गाडी निघाली. चाल इतकी सावकाश की बाजूनं पळणारं पोर पुढं जाईल. जुम्मापट्टी आलं, मग वॉटर पाइप. मधे एक पिटुकला बोगदा लागतो, त्याला वन किस टनेल म्हणतात. ते नाव का पडलं हे मुलीनं मोठ्यानं विचारलं आणि मी आत्याबाईंसमोर तिला वडापाव दिला. खाली दरीत ढग पडले होते, कारवीच्या झुडपांतून ऊन येत होतं. मालक फोटो काढत होते. आणि आत्याबाई?

त्या रुळाखालची खडी बघत होत्या. नंतर कड्याला बांधलेली दगडी भिंत आली तशी गजाला डोकं टेकवून तिचे सांधे बघायला लागल्या. मला म्हणाल्या, "दगूड हातानं घडलाय. मशिनीचा न्हाय."

बाहत्तरच्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आईबरोबर जायच्या. फडकं बांधून डोळे वाचवायचे, हातोडीनं दगड फोडायचा, ब्रासच्या मापानं ढीग लावायचा. मुकादम ढीग मोजताना पायानं दाबायचा, की माप कमी भरावं. मिळेल ती सुकडी धाकट्या भावंडांना न्यायच्या. हे सगळं त्यांनी आजवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं होतं. त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा सलग सांगितलं, अडीच तास. शेजारच्या बाकावरचं मुंबईचं कुटुंबही दरी बघायचं सोडून ऐकत बसलं. पोरांनी आजीच्या उजव्या हाताचं वाकडं बोट पहिल्यांदा नीट बघितलं. हातोडी चुकली होती ते बोट.

हा घाटही असाच फोडला असणार. आणि तो एकदाच फोडून भागत नाही. 2005 च्या 26 जुलैच्या पावसात इथले रूळ वाहून गेले, ते दुरुस्त करून गाडी 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2019 मध्ये पुन्हा वाट खचली, ती 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. एरवीही पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंदच असते. दिवाळीच्या तोंडावर दरडी काढून, खडी भरून वाट मोकळी केली जाते, तेव्हा आपण सुट्टीला येतो. आम्हालाही वाटेत रूळ दुरुस्त करणारी माणसं दिसली. गाडी आली तशी अंग चोरून कड्याला टेकून उभी राहिली. आत्याबाईंनी त्यांना हात केला. त्यांनीही केला.

माथेरानात मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यापुढं गाडी नेता येत नाही. त्यामुळं हवा चांगली, रस्ते तांबड्या मातीचे, पोरांना मोकळं पळता येतं. पण मोटार नसली तरी ओझं काही कमी होत नाही. ते घोड्यावर येतं आणि माणसावर येतं. सकाळी पायथ्याच्या वाड्यांतून चढून आलेली एक बाई सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन आमच्या पुढून गेली. आमची गाडी जो डोंगर अडीच तासांत चढली, त्याच डोंगरावर ती पायवाटेनं आली होती.

स्टेशनबाहेर हातरिक्षा उभ्या होत्या. एक माणूस पुढं ओढायचा, मागून एक-दोघं ढकलायचे. मालक आईला म्हणाले, बस, लॉज लांब आहे, तुझे गुडघे दुखतात. आत्याबाईंनी रिक्षावाल्याकडं बघितलं. तोही पन्नाशीचा असेल. म्हणाल्या, "मी चालतीया." आणि चालल्या, दोनदा कठड्यावर बसून. मालक जरा वैतागले. मलाही वाटलं, बसल्या असत्या तर त्या माणसाला शंभर-दोनशे रुपये मिळाले असते. त्याच्याही घरी दिवाळी होतीच. यात कोण बरोबर हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एक नाव मात्र माथेरानात वर कोरलेलं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. भाई कोतवाल. 1912 मध्ये माथेरानातच एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. आपला गट आज पैशाचं जे करतो, ते त्यांनी दाण्याचं केलं. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या रानात इंग्रज पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्याबरोबर हिराजी पाटीलही गेले.

तीन दिवस राहिलो. पोरं घोड्यावर बसली, चिक्की घेतली, माकडांनी आमची केळी पळवली. शेवटच्या दिवशी आत्याबाई पॉइंटवर बसून तासभर दरी बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत, कुणाची भाकरी करायची घाई केली नाही. असं बसलेलं मी त्यांना बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर आळीतल्या बायका जमल्या. काय बघितलं, कसं होतं, थंडी होती का, सगळ्यांनी विचारलं. आत्याबाईंनी चिक्कीचा पुडा फोडला, सगळ्यांच्या हातावर एक-एक तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "लई काम झालंय बायांनो तिथं."