शंभर माणसांचा जोर आणि चामड्याची वाटी

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात पत्र्याला आकार देणारे हायड्रॉलिक प्रेस आपल्या परिचयाचे आहेत. रुग्णालयातले, पायाने पेडल मारून वर चढवायचे शस्त्रक्रियेचे टेबल याच कुळातले.

बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कलने दाखवले. शंभरपट क्षेत्रफळाचा दट्ट्या बसवला तर एक माणूस शंभरांना तोलेल, असे त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली निघालेल्या ग्रंथात आहे. मग जोसेफ ब्रामाला लंडनमध्ये प्रेसचे पेटंट मिळायला १७९५ साल का उजाडावे लागले?

मोठी अडचण गळतीची होती. दाब वाढला की द्रव दट्ट्याच्या कडेने निसटे. फट घट्ट आवळावी तर दट्ट्याच अडके. ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्लेने चामड्याची खोलगट वाटी बसवून हा पेच सोडवला, असे मानतात. द्रवाचा दाबच वाटीची कड भिंतीला चिकटवतो. दाब जास्त, तितकी पकड घट्ट! सायकलच्या पंपातही हीच युक्ती असते.

टेबलाखाली पाण्याऐवजी तेल असते. पेडल दाबले की थोडे तेल एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून मोठ्या सिलिंडरमध्ये शिरते. दट्ट्यांची क्षेत्रफळे १ आणि २० चौरस सेंटिमीटर असतील, तर जोर २० पट होतो. मात्र लहान दट्ट्या एकूण २० सेंटिमीटर सरकतो तेव्हा रुग्ण १ सेंटिमीटर चढतो. खाली आणताना दुसरी झडप उघडून तेल टाकीत सोडतात.

शस्त्रक्रिया चालू असताना टेबल खचू नये, याची हमी केवळ पास्कलचा नियम देत नाही. ती सील आणि झडप देतात. वर्गात दोन लहानमोठ्या सिरिंज जोडून आपण हा नियम शिकवतो, तेव्हा दट्ट्याच्या रबरी टोकाकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधू या.