इमारतीपुढील अंगण

राळेगावच्या ज्या घरांत माझें बालपण गेलें, त्या घरापुढें ऐसपैस अंगण होतें. सकाळीं तेथें सडा पडे, उन्हाळ्यांत रात्रीं खाटा पडत, आणि हंगामांत वेचणीचा कापूस तेथेंच उतरे. अंगण कशासाठीं, हा प्रश्न कधीं कोणाला पडला नाहीं. मला तो उतारवयांत पडला, नागपुरास मुलाच्या घरीं.

मुलाच्या इमारतींत चोवीस बिऱ्हाडें आहेत. पुढच्या मोकळ्या जागेंत एक जुना कडुनिंब, थोडें गवत आणि कुंपणाशीं तगरीचीं झुडपें. आवार नवें करावें म्हणून सभा भरली. बहुतेकांचें मत असें पडलें कीं, कडुनिंब काढावा आणि सारी जमीन फरशीनें मढवावी, म्हणजे मोटारींची सोय होईल. "ही जागा नुसती वायां गेली आहे," असें एक गृहस्थ म्हणाले. मी पडलों पाहुणा. त्या दिवशीं गप्प बसलों. परंतु 'वायां' हा शब्द कांहीं मनांतून जाईना. ही जागा आपणांस फार मोलानें मिळालेली आहे. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीचा प्लेग उघडकीस आला. तेथील चाळी एकमेकींस खेटून उभ्या होत्या आणि कित्येक खोल्यांत भर दुपारीं काळोख असे. हजारों माणसें दगावलीं, लाखों शहर सोडून गेलीं. उंदरांवरील पिसवांमुळें ही सांथ पसरते, हें तेव्हां सर्वमान्य झालेलें नव्हतें; दोष कोंदट हवेला दिला गेला. निदान अपुरें होतें, पण त्यांतून निघालेला एक विचार टिकाऊ ठरला. १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्त्या पाडल्या, त्यांत गरिबांचे निवारे गेले, हेंहि विसरतां येत नाहीं.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढें मांडला. भूमितीच्या भाषेंत त्याचा अर्थ सोपा आहे : समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीबाहेर असावी. समोर चाळीस फूट उंची, तर मध्यें वीस फूट अंतर. दादर-माटुंग्यास ट्रस्टनें नवी वस्ती आंखली, ती उजेड आणि वारा यांचा असा हिशेब धरूनच. तेथील पारशी कॉलनीचे प्रवर्तक मंचरजी जोशी यांनीं बागांना आणि झाडांना घरांच्या बरोबरीचें स्थान दिलें.

पुढें १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तेथपासून इमारतीचें आवार एका घरमालकाचें न राहतां सर्व सभासदांचें होऊं लागलें. सर्वांचें म्हणजे कोणाचेंच नाहीं, असें आपण मानतों, तेथें खरा घोटाळा होतो.

आवार सुधारावें कसें, याचा धडा पॅट्रिक गेडिस यांनीं दिला. हे स्कॉटिश पंडित १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, अनेक शहरें पायीं हिंडले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत प्राध्यापक होते. त्यांचें सांगणें असें कीं, कुशल शस्त्रवैद्याप्रमाणें आधीं नीट पाहावें, जें जिवंत आहे तें राखावें आणि आवश्यक तेवढाच छेद द्यावा.

दुसऱ्या सभेस मुलानें मला बोलूं दिलें. मीं कागदावर ऑर साहेबांचा त्रिकोण काढून दाखविला. शहरांतील झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यान्वये परवानगी लागते, हेंहि सांगितलें. अखेर कडुनिंब राहिला. एका कडेस मोटारींपुरती फरशी झाली. उरलेली माती उघडी ठेवली, म्हणजे पावसाचें पाणी मुरेल. त्या गृहस्थांची मोटार मात्र आज रस्त्यावर उभी असते, आणि त्यांची तक्रार खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. तरीपण वैशाखांतल्या संध्याकाळीं मुलें आणि म्हातारीं माणसें निंबाखालीं जमतात, त्यांत तेहि खुर्ची घेऊन येतात.

अंगण नवें करतांना एवढेंच ध्यानीं असावें : ही इमारत बांधून उरलेली जागा नव्हे. पूर्वीं माणसें काळोखांत मेलीं, म्हणून ती आपल्या वांट्यास आली आहे.