‘पाणी’ शुद्ध आणि ‘पानी’ अशुद्ध, हे ठरवलं कोणी?

पीएच.डी.च्या प्रवेश-मुलाखतीला जाताना बऱ्याच जणांना विषयापेक्षा बोलण्याची धास्ती जास्त असते. तोंडातून ‘आनि’ निघालं तर? समोरचे काय म्हणतील? ही भीती खरी आहे, आणि तिला इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

सुरुवात ‘ण’पासून करू. ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’वरून आला, ‘लोणी’ हा ‘नवनीत’वरून. दोन्ही मूळ शब्दांत ‘न’ आहे. त्याचा ‘ण’ प्राकृतात झाला. म्हणजे संस्कृतशी जवळीक हीच शुद्धतेची कसोटी असती, तर ‘पानी’ म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळायला हवे होते! तसं होत नाही, कारण कान अक्षर ऐकत नाही. बोलणारा कुठल्या घरातला, कुठल्या गावचा, हे ऐकतो.

मग कसोटी आली कुठून? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या सरकारला शाळा आणि कारभारासाठी एकसारखी मराठी हवी होती. 1829 मध्ये शास्त्रीमंडळींनी केलेला मराठी कोश निघाला, 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण. नमुना म्हणून मान मिळाला तो मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या, बहुतांशी ब्राह्मण वर्गाच्या मराठीला. पुढे शाळेच्या पुस्तकांतून तीच सगळीकडे गेली.

पण इथे घाईने ‘ही एका जातीची बोली’ असं लिहून मोकळे होऊ नका. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड (1905) उघडा. त्यात कोळी, कुणबी, आगरी अशा नावांच्या बोली भेटतात, तशीच चित्पावनीही भेटते. कोकणातल्या चित्पावनांची घरची बोलीसुद्धा प्रमाण ठरली नाही. जात, शहर, शिक्षण आणि छापखाना अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा ‘शुद्ध’ मराठी घडली.

ती घडल्यावर हत्यार म्हणूनही वापरता आली. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ 1873 चं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 पासूनची. तिच्यात चिपळूणकरांनी फुल्यांच्या विचारांसोबत त्यांच्या व्याकरणाचीही खिल्ली उडवली. लेखकाची भाषाच चुकीची ठरवली की त्याचा मुद्दा ऐकायची गरज वाटत नाही. ही युक्ती आजही चर्चासत्रांत दिसते.

नंतरचं एक उदाहरण तर रोजच्या वापरातलं आहे. 1962 मध्ये मान्य झालेले लेखनाचे नियम सांगतात, की पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ लिहायला हरकत नाही. अन्यत्र ‘असे केले’ लिहावे. म्हणजे आपण जसं बोलतो, त्याला लेखनात जागा आहे, पण अवतरणचिन्हांच्या आत!

आता तुमच्या कामासाठी तीन गोष्टी.

पहिली: ‘प्रमाण’ आणि ‘शुद्ध’ हे शब्द वेगळे ठेवा. प्रमाण म्हणजे सोयीसाठी ठरवलेलं माप. प्रबंध सगळ्यांना वाचता यावा म्हणून ते लागतंच. ‘शुद्ध’ म्हटलं की मात्र सोवळं-ओवळं आपोआप आत येतं.

दुसरी: जुन्या कागदात ‘अशुद्ध’, ‘गावंढळ’ असा शेरा दिसला, की तो बोलणाऱ्याविषयीचा पुरावा समजू नका. शेरा मारणाऱ्याविषयीचा तो पुरावा आहे. कोणी, कोणाला, कोणत्या वर्षी म्हटलं, ते टिपून ठेवा.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: मुलाखतींचं लिप्यंतर. शेतमजूर बाईंचं ‘आनि’ तुम्ही ‘आणि’ केलंत, तर पुरावा पुसला जातो. त्यांचं ‘आनि’ तसंच ठेवून प्राध्यापकांचं ‘मला वाटतंय’ मात्र ‘मला वाटते’ केलंत, तर उतरंड तुम्हीच उभी करता. नियम एकच ठेवा, सगळ्यांना सारखा लावा आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात तो स्पष्ट लिहा.

राहिली प्रवेश-मुलाखत. तिथे तुमचा प्रश्न पक्का हवा, पुरावा हाताशी हवा. एखादा ‘न’ निसटला तर निसटू द्या. कोणी त्यावर हसलंच, तर त्या हसण्याचं वय साधारण दोनशे वर्षं आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.