भाड्याच्या खोलीचा हिशेब

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली आणि मुंबईतले तुरुंग अपुरे पडू लागले. नवा तुरुंग बांधायची गरज सरकारला पडली नाही. वरळीला सरकारच्याच मालकीच्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या सिमेंटच्या चाळी रांगेने उभ्या होत्या. कामगारांना भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या या चाळींतल्या कितीतरी रिकाम्या होत्या. सत्याग्रही त्यांत कोंडले गेले. ज्या शहरात एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत, जिन्याखाली आणि ओट्यांवर माणसं झोपत, तिथे हजारो खोल्या भाडेकरूची वाट पाहत पडून होत्या. घरांच्या तुटवड्यावर बोट ठेवून हे कोडं सुटत नाही. त्यासाठी भाड्याचा हिशेबच मांडावा लागतो.

खोली बांधायला लागलेल्या पैशांचं व्याज, दुरुस्ती आणि कर धरून एक भाडं निघतं. गिरणीतल्या माणसाला महिन्याकाठी जे परवडतं ते दुसरं. या दोन आकड्यांत मुंबईत कायम अंतर राहिलं, आणि ते कोणाच्या खिशातून भरायचं याची नाना उत्तरं या शहराने दीडशे वर्षांत देऊन पाहिली.

पहिलं उत्तर शेटजींचं. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने शेअर बाजारात जो धुमाकूळ घातला त्याची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते, पण पैसा जमीनजुमल्यातही मुरला. गिरगावातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या हळूहळू चाळींनी भरल्या. पुढे परळ, लालबाग, शिवडीकडे गिरण्या सरकल्या तशा त्यांच्या मागोमाग चाळीही सरकल्या. भाटिया, कच्छी, पारशी, पाठारे प्रभू अशा नाना जातींचे मालक यात होते. गुंतवणूकदाराच्या नजरेने चाळ हा फार सोयीचा प्रकार होता. एकाच मापाच्या खोल्या, समोर सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास. पहिल्या आठवड्यात मेहता वही घेऊन फिरला की वसुली सुरू. कुठे मालक अख्खी चाळ इजाऱ्याने देऊन मोकळा होई.

मग ते अंतर कोण भरत होतं? भाडेकरूच, पण पैशांऐवजी हवा-उजेडाच्या रूपाने. दोन चाळींमध्ये भंग्यांच्या येण्याजाण्यापुरती हाउसगल्ली सोडली की झालं, आतल्या खोल्यांच्या खिडक्या त्या घाणीवरच उघडायच्या. भाडं जड झालं की खोलीत पोटभाडेकरू ठेवायचा, आणखी जड झालं की आणखी एक. अशा रीतीने खोलीचा खर्चही निघे आणि मालकाचं व्याजही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला तेव्हा या हिशेबातली खोट उघड्यावर आली. आरोग्य खात्याची माणसं घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरं रंगवत फिरू लागली. त्यांचा अर्थ एवढाच, की हे घर माणसाला राहायला लायक नाही. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली. १८९८ साली कायदा करून मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. रोग हवा-उजेडाच्या अभावातून पसरतो या समजुतीवर ट्रस्टचं सारं काम उभं होतं. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर उजेडाचं गणितच मांडलं. साडेत्रेसष्ट अंशांचा हा नियम सोप्या भाषेत असा, की इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा तिच्यासमोर हवी. आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, परळ, इमामवाडा इथल्या ट्रस्टच्या, म्हणजे बी.आय.टी. चाळी अशा विचारातून उभ्या राहिल्या. परळच्या चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब दीर्घकाळ राहिलं. राजगृह बांधून होईपर्यंत त्यांचा बराचसा संसार तिथलाच.

ट्रस्टने बांधलं कमी आणि पाडलं जास्त, हा आरोप मात्र पुसता येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढताना दाट वस्त्या हलवल्या गेल्या. हललेली माणसं दूरच्या नव्या चाळीत जाण्याऐवजी शेजारच्या गल्लीतल्या जुन्या चाळीत घुसली, कारण पोटापाण्याचा उद्योग तिथेच होता. मग तिथली दाटी वाढली आणि भाडंही वाढलं.

गिरणीमालकांचा या सगळ्यात वाटा किती? त्यांच्या कुवतीच्या मानाने अगदीच थोडा. काही गिरण्यांनी कामगारांसाठी चाळी बांधल्या, पण भांडवल यंत्रांत घालावं की खोल्यांत, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. शिवाय कामगारांनाही गिरणीच्या चाळीचं वावडं होतं. घरमालक आणि गिरणीमालक एकच असला की संपाच्या दिवसांत पगाराबरोबर छप्परही जाण्याची धास्ती. नाक्यावरच्या बनियाच्या उधारीवर आणि जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांवर संप निभावत असे. गिरणीच्या आवारात राहून ते जमणारं नव्हतं.

याच काळात गावदेवीत एक निराळा प्रयोग झाला. १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिच्यापासून मानली जाते. आज सोसायटी म्हटली की मालकीचा फ्लॅट डोळ्यांपुढे येतो, पण ही संस्था मुळात भाडेकरूंची होती. इमारत संस्थेची, संस्था सभासदांची आणि प्रत्येक सभासद आपल्याच संस्थेचा भाडेकरू. नफ्यासाठी कोणी शेटजी मध्ये नसल्यामुळे भाडं खर्चापुरतंच राहिलं. ही व्यवस्था उत्तम चालली, आणि ती का चालली हेही उघड आहे. सभासद नोकरदार होते, पगार ठरावीक तारखेला हाती येत होता. भाड्याचं अंतर मुळातच लहान होतं. लालबागच्या माणसाला भागभांडवल भरून सभासद होणं कुठून झेपणार?

त्या माणसासाठी धावून आले गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईची भाडी भडकली होती, १९१८ साली सरकारला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला होता, आणि संपांनी गिरणगाव हादरत होता. १९२० साली लॉइड यांनी विकास खातं उभारलं आणि ५०,००० खोल्या बांधायचा बेत जाहीर केला. हेच ते बी.डी.डी. अंतर कोण भरणार याचं उत्तर या वेळी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर घ्यायचा आणि त्यातून तूट भरून काढायची. त्या काळाच्या मानाने ही सुज्ञ योजना होती. ज्या धंद्याला मजूर हवेत त्यानेच त्यांच्या निवाऱ्याला हातभार लावावा, हा विचार पुढच्या शंभर वर्षांत इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला.

तरीही गाडं फसलं. सिमेंट-काँक्रीटचा खर्च अंदाजाबाहेर गेला. तेजी ओसरली, गिरण्यांना मंदीने ग्रासलं. वरळीला चाळी झाल्या, पण जवळ ना बाजार, ना गिरणी, ना नीट रस्ता. पाळीला वेळेवर पोहोचायचं तर माणूस भोंग्याच्या टप्प्यात राहायला हवा. कर धरूनही भाडं जुन्या चाळीतल्या अर्ध्या खोलीच्या भाड्याहून जास्त पडे. मुंबई विद्यापीठात तेव्हा प्राध्यापक असलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी या चाळींवर सडकून टीका केली. माणसांना राहतं घर देण्याऐवजी त्यांना गोदामात रचून ठेवण्याचा हा प्रकार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अखेर ५०,००० खोल्यांच्या जागी २०७ चाळींवर काम थांबलं. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळीत ८० खोल्या. त्याच खात्याच्या बॅकबे भरावाची लक्तरं बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी वेशीवर टांगली, म्हणून ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हटलं की लोकांना समुद्रातला भराव आठवतो. चाळींचं अपयश त्या आवाजात झाकलं गेलं.

पुढे याच चाळी भरल्या, ओसंडून वाहिल्या आणि त्यांत माणसांनी आपापली व्यवस्था लावली. कोकणातल्या एकेका गावाने मिळून खोली घ्यायची, तिला ‘गावकऱ्यांची खोली’ म्हणायचं. ट्रंका भिंतीला, वळकट्या दोरीवर आणि भाडं वर्गणीतून. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गोवेकरांच्या कुडी होत्या, तिथे गावच्या संताची वेदी आणि बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे तरुण. भाड्याचं अंतर भरून काढायची ही सर्वांत चतुर तोड म्हणावी लागेल, आणि ती ना इंजिनिअरला सुचली ना गव्हर्नरला. एकट्या आलेल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची घरंही याच भाड्यातून उभी राहिली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. गिरगावच्या केशवजी नाईक चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तोही भाडेकरूंच्याच वर्गणीवर.

दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा भाडी चढली आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. प्रमाण भाडं म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं तेच. या वेळी अंतर मालकाने भरायचं होतं. फाळणीनंतरच्या गर्दीत या कायद्याने लाखो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवलं, हे मान्य करायलाच हवं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं टिकला आणि भाडं १९४० साली जिथे गोठलं तिथेच राहिलं. जी खोली बांधून तोटाच होणार ती कोण बांधील? भाड्यासाठी इमारत बांधण्याचा धंदाच मुंबईतून उठला आणि बिल्डर मालकीच्या फ्लॅटकडे वळले. जुन्या चाळींत मालकाने दुरुस्तीला हात आखडता घेतला आणि भाड्यात न मिळणारा पैसा पागडीच्या रूपाने मागच्या दाराने येऊ लागला. पावती नावावर करताना मोठी रक्कम, त्यात मालकाचा हिस्सा, आणि पुढे महिन्याला चहापाण्याच्या खर्चाइतकं भाडं.

अंतर मात्र मिटलं नव्हतं, ते वाशांत आणि तुळयांत साचत होतं. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर बसला आणि १९,६४२ जुन्या इमारती त्याच्या कक्षेत आल्या. खासगी मालकाच्या इमारतीची डागडुजी सरकारी मंडळाने करायची, असा अजब संसार सुरू झाला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं अन्याय्य ठरवलं. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीही कायदेशीर केली. मूळ भाडंच दोन आकडी असेल तर ४ टक्क्यांनी काय होणार, हा हिशेब शाळकरी पोरही करील.

तोवर शहराला नवा दाता सापडला होता, चटईक्षेत्र, म्हणजे जमिनीच्या मानाने बांधकाम करण्याची मुभा. आता अंतर आकाशाने भरायचं. जुन्या रहिवाशांना फुकट घर, वरचे मजले बाजारभावाने विक्रीला. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला, एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं. १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर असा तो करार. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या.

याच युक्तीने भाड्याची नवी घरं बांधायचा घाट २००८ साली एमएमआरडीएने घातला होता. जमीनमालकाला चारपट चटईक्षेत्र द्यायचं. त्यातल्या एका हिश्श्यात त्याने १६० चौरस फुटांची भाड्याची घरं बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायची आणि उरलेले तीन हिस्से विकून टाकायचे. कागदावर अंतर मिटलेलं दिसत होतं. पण घरं शहराच्या सीमेवर झाली आणि हजारो भाडेकरू नेमणं, भाडं गोळा करणं, लिफ्ट चालू ठेवणं हे काम कोणी करायचं याचं उत्तर प्राधिकरणाजवळ नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी जे काम एक मेहता वही घेऊन करत असे, त्यासाठी कोणी तयार नव्हतं. काही घरांत संक्रमण शिबिरं गेली. पनवेलजवळच्या कोन गावातली दोन-दोन घरं जोडून ३२० चौरस फुटांची सदनिका करण्यात आली आणि डिसेंबर २०१६ मध्ये अशा २,४१७ सदनिकांची सोडत बंद पडलेल्या गिरण्यांचे कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी निघाली. भाड्याने द्यायला बांधलेली ही घरं प्रत्येकी सहा लाख रुपयांना मालकी हक्काने विकली गेली. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची संख्या तेव्हा लाखाच्या वर होती.