जॅकेटला येणारा फोडणीचा वास आणि एक जुनी गैरसमजूत



हिवाळ्यातली संध्याकाळ. पोर शाळेतून येतं, दप्तर टाकतं आणि हळूच म्हणतं, "आई, माझ्या जॅकेटला वास येतो असं ती म्हणाली." आपण जॅकेट नाकाशी धरतो. आपल्याला काहीच जाणवत नाही, कारण आपलं नाक त्या वासाला कधीच सरावलंय. पण पोराचा चेहरा बघून पोटात कालवतं. मग आपण सुगंधी मेणबत्त्या आणतो, दर दोन तासांनी स्प्रे मारतो, बांगडा आणणं बंद करतो. हिंग-लसणाची फोडणी फक्त शुक्रवारी रात्री, म्हणजे सोमवारपर्यंत वास जाईल!

तुमच्या घरी असं काही झालं असेल तर आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घरात बसलेला वास साध्या जिनसांनी कसा जातो ही एक. आणि त्या वासाची इतकी लाज आपल्याला का वाटते, ही दुसरी. दोन्हींना इतिहास आहे. आधी लाजेचा सांगते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले भलेभले डॉक्टर मानायचे की रोग दुर्गंधीतून होतात. कुजकट हवा नाकात गेली की कॉलरा, ताप. लंडनचे सुधारक एडविन चॅडविक यांनी १८४६ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं की वास म्हणजेच रोग. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण सुटली की संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या जातीच्या द्रावणात, भिजवून टांगावे लागले. घाबरलेल्या खासदारांनी गटारांसाठी पैसा मंजूर केला. गटारं झाली आणि पुढे कॉलराही हटला. पण तो हटला पिण्याचं पाणी मैल्यापासून वेगळं झालं म्हणून. कॉलरा पाण्यातून पसरतो हे डॉ. जॉन स्नो १८५४ मध्येच दाखवून बसले होते. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

तीच समजूत आपल्या मुंबईतही आली. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा शहराच्या गटारांत कार्बोलिक अॅसिड मिसळलेलं समुद्राचं पाणी सोडलं गेलं. वस्त्यांतल्या घरांची कौलं काढली, भिंतींना चुना फासला, माणसांना घराबाहेर काढलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत काम करताना मांडलं. म्हणजे गटारांचा वास मारत बसलो आणि उंदीर आरामात फिरत राहिले.

जंतूंचा शोध लागला, डॉक्टरांनी जुना सिद्धांत सोडला. पण "वास येतो म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे खालचा माणूस" ही भावना मागे उरली. इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय मुलांना कामगारांना वास येतो असं कसं शिकवलं जायचं, ते जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ च्या 'द रोड टू विगन पिअर'मध्ये लिहिलंय. १९९१ मध्ये पॅरिसचे तेव्हाचे महापौर आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक यांनी भर सभेत स्थलांतरितांच्या घरांतल्या आवाजाची आणि वासाची तक्रार केली. आणि अगदी २०१७ मध्ये इंग्लंडच्या केंट भागात एका घरमालकाने करीचा वास मागे राहतो असं सांगून भारतीय-पाकिस्तानी भाडेकरू नाकारायचं ठरवलं. न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवलं.

आता जरा आपल्याकडेही बघूया. सुकट भाजल्याचा वास येतो म्हणून मासे खाणाऱ्यांना घर न देणाऱ्या सोसायट्या मुंबईत आहेतच की. "त्यांच्या घरात कसलातरी वास येतो" हे वाक्य आपणही लहानपणी कुणाबद्दल तरी ऐकलंय, बोललोही असू. त्यामुळे पोराला समजावताना "ते लोक वाईट" एवढंच सांगून भागणार नाही.

आता वास घालवण्याचा इतिहास. हा जास्त मजेचा आहे, कारण यात आपल्या आज्या पास झाल्यात.

वासाचं दोनच प्रकारे काही करता येतं. एक तर झाकायचा, नाहीतर काढायचा. झाकण्यात आपण फार जुने उस्ताद. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांच्या 'बृहत्संहिते'त सुगंधी मिश्रणांवर 'गंधयुक्ती' नावाचं अख्खं प्रकरण आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये धूपाचाही समावेश आहे. आपल्या घरचा ऊद, बाळ-बाळंतिणीला दिलेली ओवा-शेपांची धुरी त्याच घराण्यातली. छान वाटतं, पण धूपाने मूळ वास जात नाही, त्यावर दुसरा चढतो. आजची सुगंधी मेणबत्तीही तेच करते. म्हणून दुसऱ्या दिवशी घरात लॅव्हेंडर अधिक लसूण असा तिसराच वास येतो.

काढण्याचे मार्ग तीन: आंबट, खार आणि कोळसा.

आंबट. समुद्रातला मासा शिळा व्हायला लागला की त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. माशाचा ओळखीचा वास तो हाच. हा पदार्थ अल्कधर्मी आहे. त्याला आंबट भेटलं की त्याचा क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाही. उडत नाही म्हणजे नाकापर्यंत येत नाही. कोकणातली बाई बांगड्याला आगळ किंवा चिंचेचा कोळ लावायची, मासे साफ केल्यावर हाताला लिंबाची साल चोळायची, ते याचसाठी. तिला रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं. तुम्ही मासे केल्यावर ओटा, सिंक आणि चॉपिंग बोर्ड व्हिनेगर-पाण्याने पुसा. फक्त संगमरवरावर आंबट नको, चट्टे पडतात.

खार. नासलेलं दूध, बाळाची उलटी, बुटांतला घामट वास हे आम्लांचे वास. त्यांना उलटा इलाज, खार. आपल्याकडे चुलीची राख, सज्जीखार, पापडखार ही सगळी त्याच कुळातली. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणीही असंच खारट-सोडामय आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारकडे काच आणि साबण बनवायला लागणारं साहित्य मिळतं अशी नोंद आहे. अमेरिकेत जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी १८४६ पासून खाण्याचा सोडा विकायला सुरुवात केली. त्यांच्या 'आर्म अँड हॅमर' सोड्याचा डबा फ्रिजमध्ये ठेवा, ही जाहिरात मात्र १९७२ ची. म्हणजे ज्याला आपण परदेशातला पिढीजात घरगुती उपाय समजतो तो मुळात जाहिरातीतून घरोघरी गेला. उघड्या डब्याचा उपयोग थोडाच होतो, कारण वरचा थरच तेवढा हवेला लागतो. गालिच्यावर दूध सांडलं तर आधी गार पाण्याने टिपून घ्या, मग सोडा पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. तिथे सोडा खरा कामाला येतो. लोकरी आणि रेशमी कपड्यांवर मात्र टाकू नका.

आता कळलं ना, माशाच्या वासावर सोडा टाकला तर वास वाढतो का? आणि सोडा-व्हिनेगर एकत्र केलं की फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांनाच संपवतात. मग वासाला कोण संपवणार!

कोळसा. तळणीचा, कांद्या-लसणाचा वास धड आम्लही नाही, धड खारही नाही. तिथे हा. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या टोबियास लोविट्झ यांच्या लक्षात आलं की कोळसा द्रावणातला रंग शोषून घेतो. १८५४ मध्ये स्कॉटिश रसायनतज्ज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी कोळशाचा मुखवटा केला. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून विषारी वायू आला आणि कोळशाचे मुखवटे सैनिकांच्या जिवाचा प्रश्न झाले. अमेरिकेत १९१८ मध्ये त्यासाठी लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडासारख्या फळांची टरफलं गोळा केली गेली. आणि या कामाला उत्तम ठरलेला एक कोळसा कशाचा? नारळाच्या करवंटीचा! आजही पाण्याच्या कितीतरी फिल्टरांत तोच असतो. अॅक्टिव्हेटेड कोळशाच्या एका ग्रॅमला पाचशे चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. कोटांच्या कपाटात त्याच्या पिशव्या टांगा. बार्बेक्यूचा कोळसा चालत नाही, आणि बंद घरात कोळशाची शेगडी तर कधीच पेटवू नका, तो धूर जीव घेतो. तसंच ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

पण मंडळी, हे तीन उपाय आजीकडे होते, आणि तरी तिचं खरं हत्यार वेगळंच होतं. तिचं घर. कौलांच्या फटी, धुराडं, परसदारी उघडणारं स्वयंपाकघर, अंगणातलं ऊन. फोडणीचा वास छपरातून निघून जायचा. आपण राहतो ती घरं उलट विचाराने बांधलेली आहेत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर युरोप-अमेरिकेत ऊब वाचवायला घरं जास्तीत जास्त हवाबंद होत गेली. त्यात अनेक फ्लॅटमध्ये गॅसवरची चिमणी हवा बाहेर सोडतच नाही, गाळून परत घरातच सोडते. तिच्यातला कोळशाचा फिल्टर काही महिन्यांनी बदलावा लागतो. तो बदलायचा असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुमचा शेवटचा कधी बदललात?

म्हणजे फोडणी तीच आहे, बदललं ते घर. मग इलाजही तिथेच करायचा. फोडणीआधी पाच मिनिटं पंखा सुरू करा, स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडा, बेडरूमची आणि कोटांच्या कपाटाची दारं लावा. जॅकेटं स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवरून हलवा, हा सगळ्यांत स्वस्त उपाय. तळणीनंतर ओटा आणि भिंत गरम साबणाच्या पाण्याने पुसा, कारण वास तेलाच्या पातळ थरात बसतो. डबा प्लॅस्टिकचा असेल तर स्टीलचा द्या. आणि ऊन मिळेल त्या दिवशी गाद्या-पांघरुणं उन्हात टाका.

आणि पोराला? त्याला सांगा की वास म्हणजे घाण नाही. तो हवेत उडणाऱ्या कणांचा खेळ आहे, लिंबाने कुठला जातो, सोड्याने कुठला, हे त्याच्याकडूनच करून घ्या. जॅकेट धुऊन द्या, त्यात कमीपणा नाही. पण त्याच्यासमोर बांगडा बंद करू नका. आपण गुपचूप बंद केलेला पदार्थ त्याला जे शिकवतो, ते शाळेतल्या त्या मुलीनेही शिकवलं नसतं.

उद्या त्याच्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या डब्याला वेगळा वास येईल. तेव्हा आपलं पोर नाक मुरडतं की "काय आहे गं, दे ना थोडं" म्हणतं, ते आज आपण घरात काय बोलतो त्यावर आहे.

तुमच्या आजीची वास घालवायची कुठली युक्ती होती? खाली नक्की लिहा, आणि जमलं तर मुलांना वाचूनही दाखवा.